दोन कोपऱ्यांच्या मधली अंबिका

मुष्टियुद्धाच्या रिंगणात तीन माणसे असतात. लढत संपून प्रेक्षक आपापल्या घरी गेले की त्यांच्या मुखी दोघांचीच नावे असावीत, यातच तिसऱ्याच्या विद्येची सिद्धी आहे. उज्जैनच्या अंबिका वाकनीस या त्या तिसऱ्या. गेली चौदा-पंधरा वर्षे त्या व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या रेफरी आहेत. इतक्या वर्षांत त्यांचे नाव कोणा प्रेक्षकाच्या तोंडी फारसे आले नाही, आणि याचा त्यांना मनोमन अभिमान वाटे.

वाकनीसांचे मूळ पुरुष अठराव्या शतकात दरबाराच्या लवाजम्याबरोबर माळव्यात आले आणि येथलेच झाले. पुढच्या पिढ्या शाळा, कचेऱ्या आणि पाठशाळा यांत रुजल्या. अंबिकाताईंचे वडील यज्ञेश्वरशास्त्री संस्कृत महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवून निवृत्त झाले. अशा घरातली मुलगी सतराव्या वर्षी हातमोजे बांधून मुष्टियुद्धाला उभी राहिली, तेव्हा टावर चौकातल्या ओळखीच्या दुकानदारांना विनोदाला विषय मिळाला. "शास्त्रीजी, बिटिया से ज़रा दूर बैठा करो!" असे ते म्हणत, आणि शास्त्रीबुवा हसून पुढे जात. ती राज्यस्तरापर्यंत खेळली. मग उजवा खांदा निखळला, तो पूर्ववत झाला नाही. तेव्हा तिच्या प्रशिक्षकांनी तिला एक शिट्टी दिली आणि सरावाच्या लढती तिच्या हाती सोपवल्या. ठोसा निघण्याआधी तो कोठून निघणार हे या मुलीला दिसते, हे त्यांनी हेरले होते.

पहिली लढत चालवून ती घरी आली, तेव्हा वडिलांनी विचारले, "दोघींपैकी तुझी कोण होती?"

"कोणीच नाही, बाबा."

"मग नीट पाहिलं नसशील. दोघी तुझ्याच असतात. मध्ये उभं राहणाऱ्याला परकं कोणी परवडत नाही."

अंबिकाताई फ्रीगंजमधल्या एका बँकेत नोकरी करीत आणि रजा साठवून रिंगणे गाठीत. व्यावसायिक मुष्टियुद्ध आपल्याकडे अद्याप बालवयात आहे. त्यामुळे त्यांची रिंगणे कधी हॉटेलच्या दालनात, कधी मॉलच्या अंगणात, तर कधी लग्नाच्या मांडवात उभारलेली असत. रोहतकपासून ऐझॉलपर्यंत त्यांनी लढती चालवल्या. त्यांची कार्यपद्धती मात्र कोठेही बदलली नाही. नखे मुळापर्यंत कापलेली, हातात बांगडी नाही, अंगाला अत्तराचा स्पर्श नाही. लढतीपूर्वी त्या दोन्ही खेळाडूंच्या खोल्यांत जात, तेच नियम त्याच शब्दांत सांगत, आणि शेवटी एक प्रश्न विचारत: "घरी तुला कोणत्या नावाने हाक मारतात?" ठोसा खाऊन पडलेल्या माणसाला आपले कागदावरचे नाव उशिरा ओळखू येते, आईने ठेवलेले नाव आधी ओळखू येते, हा त्यांचा अनुभव होता. ते नाव कानी पडल्यावर डोळ्यांत जे उमटते, त्यावरून त्या ठरवीत की लढत चालवावी की थांबवावी.

एवढ्या वर्षांत राष्ट्रीय विजेतेपदाची लढत मात्र त्यांच्या वाट्याला आली नव्हती. ती आली गेल्या जानेवारीत, आणि तीही अकस्मात.

देवास मार्गावरच्या सभागृहात स्पर्धा होती. मुख्य लढत महिलांच्या विजेतेपदाची: उज्जैनची भार्गवी सोमण विरुद्ध भिवानीची सुदेश श्योराण. भार्गवीचे वडील रेल्वेच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून येथे आलेले. सुदेश हे हरियाणात मुलीचेही नाव असते. तिचा प्रशिक्षक तिचा ताऊ, म्हणजे थोरला काका, रणधीर. अंबिकाताई त्या दिवशी केवळ आरंभीच्या छोट्या लढतींसाठी नेमलेल्या होत्या. परंतु मुख्य लढतीच्या रेफरीचे विमान दिल्लीच्या धुक्यात अडकले, आणि दुपारी पर्यवेक्षकांनी अंबिकाताईंना बोलावून घेतले.

"मला देऊ नका," अंबिकाताई म्हणाल्या. "भार्गवीला मी परकर-पोलक्यापासून पाहते आहे. आमच्या गणेशोत्सवात नाच करायची ती."

"दुसरं कोण आहे?" पर्यवेक्षक म्हणाले. "लढत रद्द झाली तर दोघींचं वर्ष वाया. समोरच्या कोपऱ्याला विचारू. ते नाही म्हणाले तर नाही."

रणधीर आले. आडदांड बांधा, नाक दोनदा मोडलेले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि अंबिकाताईंना निरखून पाहिले.

"या तो वा ही मैडम सै," ते म्हणाले, "जिसने रोहतक में म्हारे छोरे का नंबर काट दिया था। म्हारे ही घर में, म्हारे ही लोगां के सामने।"

"पकड़ रहा था," अंबिकाताई म्हणाल्या. "तीन बार बोला था उसे."

"हाँ, तो पकड़ तो रह्या था।" रणधीर पर्यवेक्षकांकडे वळले. "रहण दो इन्हें।"

परक्या गावात, प्रतिस्पर्ध्याच्या गावच्या पंचावर, एका प्रशिक्षकाने असा विश्वास टाकला होता. अंबिकाताईंच्या मते कोणत्याही पदकापेक्षा ही गोष्ट मोठी होती. म्हणूनच पुढे जे घडले, त्याने त्यांचा जीव सर्वाधिक पोळला.

सायंकाळी सभागृह भरले. पहिल्या रांगेत, कानाला मफलर गुंडाळून, यज्ञेश्वरशास्त्री बसले होते. दोघी खेळाडू रिंगणात आल्या. निवेदकाने नावे पुकारली. अंबिकाताईंनी दोघींना मध्यभागी बोलावले. त्यांच्या कॉलरला ध्वनिक्षेपक लावलेला होता, कारण रेफरीची अंतिम सूचना साऱ्या सभागृहाला ऐकवण्याचा प्रघात आहे.

"साफ लड़ना है. मेरी आवाज़ सुननी है. हाथ मिलाओ."

आणि हात मिळवण्याऐवजी भार्गवी वाकली.

तिच्या मनात काहीच नव्हते. परीक्षेला निघताना, प्रवासाला निघताना, दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी समोर घरचे मोठे माणूस दिसले की वाकायचे, हे मराठी घरातल्या मुलीच्या हाडीमाशी भिनलेले असते. आयुष्यातला सर्वात मोठा क्षण समोर होता, आणि अंबिकामावशी समोर होत्या. हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांच्या बुटांना लागले. आणि नमस्कार रिकामा परत पाठवू नये, हा संस्कार ज्यांच्या रक्तात सात पिढ्यांचा, त्या अंबिकाताईंचा हात विचाराची वाट न पाहता तिच्या मस्तकावर गेला.

"यशस्वी हो!"

दोन्ही शब्द ध्वनिक्षेपकातून सभागृहाच्या छतापर्यंत गेले.

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतले. "जय महाकाल!" "अरे, मौसी ने तो फैसला सुना दिया!" टाळ्या, शिट्ट्या, हशा. उज्जैनकरांना यात गंमत वाटली. भिवानीच्या कोपऱ्याला ती वाटण्याचे कारण नव्हते. रणधीर दोराला धरून वर चढले.

"यो के होया, मैडम? लड़ाई तै पहल्यां ही नतीजा?"

अंबिकाताईंनी ध्वनिक्षेपक बंद केला नाही. जी चूक सर्वांनी ऐकली होती, तिची कबुलीही सर्वांनी ऐकावी असे त्यांना वाटले.

"गलती मेरी है," त्या म्हणाल्या. "लड़की ने आदत से किया, मैंने भी आदत से किया. पर रेफरी को ये आदत नहीं चलती. आपका कोपरा कहे तो मैं अभी उतर जाती हूँ."

घाईत त्यांच्या हिंदीत मराठी शब्द घुसला होता. कोणी हसले नाही. पर्यवेक्षकांनी मान खाली घातली. त्या उतरल्या तर लढतच उतरणार होती. भार्गवी थिजून उभी होती. आपल्या नमस्काराने काय केले, हे तिला आत्ता कळले होते. तेवढ्यात मागून सुदेशचा आवाज आला. ती जागच्या जागी उड्या मारीत अंग गरम ठेवीत होती.

"ताऊ, आशीर्वाद ए तो सै, कवच कोनी। घंटी बजवाओ।" आशीर्वाद म्हणजे काही कवच नव्हे, एवढेच तिचे म्हणणे होते.

"अर जै बेईमानी हुई तो?"

"तो फेर तेरे धोरे टॉवल सै, मुँह पोंछ लिये मेरा।"

रणधीर हसले नाहीत, पण खाली उतरले. घंटा वाजली.

पहिली फेरी सुरू झाली आणि अंबिकाताईंचे काम नेहमीप्रमाणे चालले, असे पाहणाऱ्याला वाटले असते. परंतु तसे ते नव्हते. भार्गवीने सुदेशचा हात क्षणभर अडकवून धरला. एरवी ज्यावर त्या केवळ "सोड" म्हणाल्या असत्या, त्यावर त्यांनी लढत थांबवून तिला बजावले. दुसऱ्या फेरीत भार्गवीचे डोके किंचित खाली गेले. पुन्हा लढत थांबली, पुन्हा ताकीद. तिसऱ्या फेरीत सुदेशनेही तसेच डोके खाली घातले. अंबिकाताईंनी ते पाहिले, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

फेरी संपली. दोघी आपापल्या स्टुलांवर बसल्या. अंबिकाताई तटस्थ कोपऱ्यात उभ्या होत्या, तोच त्यांची दृष्टी रणधीरवर पडली. सुदेशच्या मानेवर बर्फ ठेवीत ते त्यांच्याकडे पाहत होते, आणि प्रसन्न होते. त्यांनी मान डोलावली. "इब ठीक चाल री सै, मैडम," एवढे शब्दही त्यांच्या ओठांवर वाचता आले.

ज्या पंचावर एक कोपरा प्रसन्न असतो, तो पंच चुकत असतो. ही गोष्ट अंबिकाताई स्वतः नव्या रेफरींना शिकवीत. तीन फेऱ्या त्या लढत चालवीत नव्हत्या. आपले नाव धूत होत्या, आणि त्यासाठी भार्गवीच्या घामाचे पाणी वापरीत होत्या. एका पोरीला आशीर्वाद दिला ही चूक होती. तो आशीर्वाद पुसण्यासाठी तिला दाबणे, हे पाप होते. आणि सुदेशवर तरी हा उपकार होता का? तिने घंटी मागितली होती, सवलत मागितली नव्हती.

चौथ्या फेरीची घंटा वाजली, तेव्हा त्या दोघींपासून एक पाऊल मागे सरल्या, आणि त्यांच्या नजरेतून सभागृह नाहीसे झाले. उरले चार पाय, चार हात आणि दोन श्वास.

त्यानंतरची लढत ज्यांनी पाहिली, ते भाग्यवान. सुदेश डावखुरी, तिचा डावा हात लांबून, कोयत्यासारखा फिरून येई. भार्गवी ठेंगणी; ती आत शिरून बरगड्यांवर आघात करी आणि सावलीसारखी बाजूला होई. सहाव्या फेरीत भार्गवीचा ठोसा आणि सुदेशचे पडणे एकाच क्षणी घडले. सभागृह उभे राहिले. अंबिकाताईंनी मात्र दोन्ही हात आडवे हलवले.

"स्लिप!"

पाय अडकून किंवा घसरून पडलेल्याची मोजणी होत नाही, आणि भार्गवीचा पुढचा पाय सुदेशच्या पायावर पडला होता. डावखुऱ्याशी लढताना पाय असे गुंततात. गर्दीच्या नजरेला ते दिसत नाही. अंबिकाताईंनी सुदेशला उठवले, तिचे हातमोजे आपल्या शर्टाला पुसले आणि हळूच विचारले, "गुड्डी, ठीक है?"

"ठीक सूँ," सुदेश म्हणाली. तिच्या घरी तिला गुड्डी म्हणत.

"ओ मौसी! अपने ही शहर की हो कि नहीं?" कोणीतरी मागून ओरडले. ज्या लोकांनी थोड्या वेळापूर्वी जयघोष केला होता, तेच आता खवळले होते. दोन्ही कोपरे रुष्ट होते: एक आत्ताच्या निर्णयाने, दुसरा ताकिदी बंद झाल्यामुळे. अंबिकाताईंना त्या सायंकाळी प्रथमच आपल्या जागी उभे असल्यासारखे वाटले.

मग आठवी फेरी आली.

सुदेशचा डावा हात फिरला आणि भार्गवीच्या जबड्याच्या कडेवर बसला. या वेळी पाय गुंतले नव्हते. भार्गवी गुडघ्यांवर आली, मग एका हातावर टेकली. अंबिकाताईंनी सुदेशला दूरच्या कोपऱ्यात धाडले, वेळ मोजणाऱ्याच्या ठोक्याशी आपला आवाज जुळवला आणि बोटे भार्गवीच्या चेहऱ्यासमोर धरली.

"वन... टू... थ्री..."

ती सहावर हलली. सातवर उभी राहिली. आठपर्यंत मोजणे नियमानेच अनिवार्य असते. त्या आठव्या आकड्यानंतर जो एक श्वास असतो, तो रेफरीचा.

"रोको!" रणधीर ओरडत होते. "खत्म सै! रोको, मैडम!"

लढत थांबवली असती तर कोणीही दोष दिला नसता. उलट, स्तुतीच झाली असती: पाहा, जिच्या मस्तकावर हात ठेवला तिचीच लढत थांबवली, काय ही निःस्पृहता! ध्वनिक्षेपकातून गेलेले ते दोन शब्द एका हाताच्या इशाऱ्याने धुऊन निघाले असते. अंबिकाताईंचा हात वर जाण्यासाठी जणू स्वतःच अधीर झाला होता. त्या मोहाचा चेहरा धर्माच्या चेहऱ्याशी इतका मिळताजुळता होता की, तीन फेऱ्यांनी शिकवले नसते तर त्या फसल्या असत्या.

त्यांनी हात खाली ठेवला आणि पाहिले. एवढेच काम होते, पाहणे.

"ठकू," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे चालत ये."

भार्गवीचे डोळे त्यांच्यावर आले, आणि तेथे ठरले. ती दोन पावले चालली, सरळ.

"कुठे आहेस?"

"उज्जैनमध्ये," भार्गवी म्हणाली, आणि दात-कवचातून रागाने पुढे बोलली, "आणि हरणार नाहीये, मावशी. खेळू द्या."

"मावशी नाही. रेफरी."

"खेळू द्या, रेफरी!"

अंबिकाताईंनी तिचे हातमोजे पुसले आणि दोघींना पुढे बोलावले. "बॉक्स!"

"मौसी बचा री सै!" रणधीरांनी टॉवेल जमिनीवर आपटला. "देख ल्यो सारे! बचा री सै!"

सुदेश वादळासारखी चालून आली. पुढचे एक मिनिट अंबिकाताई दोघींच्या इतक्या जवळ होत्या की एकीचा घाम त्यांच्या चष्म्याच्या काचेवर उडाला. भार्गवीचे उत्तर थांबले, तर त्याच क्षणी मध्ये पडायचे, यासाठी त्यांचे सारे शरीर ताणलेले होते. पण भार्गवी वाकली, एक ठोसा डोक्यावरून जाऊ दिला, दुसरा खांद्यावर घेतला, आणि आत शिरून उजव्या हाताने असा प्रहार केला की सुदेशचे तोंड पूर्ण बाजूला वळले. सुदेश दोन पावले मागे गेली, आणि हसली. प्रतिस्पर्धी तोलामोलाचा निघाल्याचे ते हसू होते.

नववी आणि दहावी फेरी सभागृहाने उभ्यानेच पाहिली. शेवटच्या घंटेनंतर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि त्यांना विलग करण्याची अंबिकाताईंना घाई नव्हती.

गुणपंचांच्या पत्रिका गोळा झाल्या. निकाल वाचण्यापूर्वी पर्यवेक्षक भिवानीच्या कोपऱ्याजवळ आले. रेफरीबद्दल तक्रार असेल तर ती निकालाआधी नोंदवायची, असा दंडक होता. एकदा निकाल ऐकला की तक्रारीला किंमत राहत नाही. अंबिकाताई ऐकू येईल इतक्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. तक्रार झाली असती तर ती त्यांनी खालमानेने स्वीकारली असती. आणि विजेतेपदाची लढत पुन्हा कधी त्यांच्या वाट्याला आली नसती, हेही त्यांना ठाऊक होते.

"बोलिए, रणधीरजी. कुछ कहना है?"

रणधीरांनी जमिनीवरचा टॉवेल उचलला, झटकला. सुदेशकडे पाहिले. सुदेश ओठावरचे रक्त पुसत म्हणाली, "ताऊ, साच बोलिए।"

"आठवें में मन्नै लाग्या, रोकणी चाहिए थी," रणधीर सावकाश म्हणाले. "फेर उस छोरी नै अगले ही मिनट में म्हारी गुड्डी का मुँह फेर दिया। जिसमें इतनी जान बाकी हो, उसकी लड़ाई रोकणा बेईमानी होती।" त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "शुरू में या मैडम डरी होड़ थी। मन्नै आच्छा लाग्या था, झूठ क्यूँ बोलूँ। फेर इसका डर लिकड़ ग्या। उसके बाद इसनै ना म्हारी सुणी, ना थारी। कोई शिकायत कोनी।"

निकाल वाचला गेला. दोन गुणपंच भार्गवीच्या बाजूने, एक सुदेशच्या. अंतर एका गुणाचे. अंबिकाताईंनी दोघींची मनगटे धरली होती. नाव पुकारले गेल्यावर त्यांनी भार्गवीचा हात उंचावला, आणि उज्जैनने असा घोष केला की पहिल्या रांगेतल्या शास्त्रीबुवांनी मफलर कानांवरून काढून तो संपूर्ण ऐकला. शेजारच्या गृहस्थाने त्यांचा हात दाबला, "बधाई हो शास्त्रीजी! अपनी लड़की जीत गई।"

"कौन-सी?" शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांची दृष्टी रिंगणाच्या मध्यावर होती.

सुदेशने भार्गवीच्या कमरेला बांधलेला विजेतेपदाचा पट्टा स्वतः नीट केला आणि तिच्या कानात काही सांगितले. भार्गवी रडता रडता हसली. तेवढ्यात रणधीर दोराखालून आत आले आणि थेट पर्यवेक्षकांपुढे उभे राहिले.

"एक नंबर का फर्क सै। दूसरी लड़ाई माँगूँ सूँ। म्हारा हक बणै सै।"

"बनता है," पर्यवेक्षक म्हणाले. "कहाँ?"

"भिवानी में। म्हारे लोगां के सामने।" मग त्यांनी आपला जाडजूड अंगठा मागे वळवून अंबिकाताईंकडे दाखवला. "अर रेफरी या ही।"

"रेफरी आप नहीं चुनते, रणधीरजी. वो तो समिति का काम है."

"तो समिति नै बता दियो," रणधीर म्हणाले, "के हारे होड़ कोपरे नै माँगी सै।"

अंबिकाताईंचाच 'कोपरा' त्यांनी उचलला होता. पर्यवेक्षकांनी ती मागणी कागदावर टिपून घेतली. व्यावसायिक मुष्टियुद्धात हरलेला पक्ष त्याच रेफरीची मागणी करतो, असे त्यांनी पाहिले नव्हते, अंबिकाताईंनीही नाही. भोवती ढोल वाजू लागले होते, लोक रिंगणात चढत होते, भार्गवीला खांद्यावर घेतले जात होते. त्या गदारोळात सर्वांची पाठ अंबिकाताईंकडे होती, आणि त्या ताठ उभ्या होत्या. शर्टावर दोघींच्या हातमोज्यांचे डाग होते; कोणता कोणाचा, हे आता सांगता आले नसते.

"आओगी ना, मैडम?" रणधीर म्हणाले. "भिवानी आळे शोर घणा करैं सैं।"

"शोर की आदत है," अंबिकाताई म्हणाल्या, आणि चष्म्याची काच पुसू लागल्या. "तारीख ज़रा जल्दी बता देना. बँक में छुट्टी डालनी पड़ती है."